कॅटेगरी आणि असोद्याचं भरीत

ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात माझी हयात गेली. अशा माणसाने एखाद्या शब्दावर डूख धरू नये. शब्द बिचारा काय करणार, वापरणारे त्याला वापरतात. हे सगळं मला कळतं, मुलांनाही मी हेच सांगतो. तरी एक शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं, आणि वयाबरोबर हा राग निवेल म्हटलं तर तो वाढतच चाललाय. तो शब्द म्हणजे कॅटेगरी.

त्याची माझी पहिली भेट यावलकडच्या आमच्या गावच्या शाळेत झाली. तेव्हा ए बी सी डी सुद्धा धड येत नव्हती. मधल्या सुट्टीनंतर हेडमास्तर दारात येऊन म्हणत, "कॅटेगरीवाले उभे राहा." शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी नावं हवी असत. आम्ही काही पोरं उभी राहायचो आणि उरलेला वर्ग बसल्या जागी माना वळवून आमच्याकडे पाहायचा. काम तसं चांगलं होतं, आमच्याच भल्याचं होतं. पण भल्याचं काम करताना आम्हाला उभं करून दाखवायची काय गरज होती, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही कळलेलं नाही. नावं हजेरीत होती, ती बसून वाचता आली असती. बरीच वर्षं मला वाटायचं की कॅटेगरी म्हणजे 'ज्यांना उभं राहावं लागतं ते'. पुढे इंग्रजीत एम.ए. केलं आणि लक्षात आलं की माझा तो अर्थ फारसा चुकला नव्हता.

आता हा शब्द कुठे नाही? समुद्रात वादळ उठलं की टीव्हीवाली बाई ते कितव्या कॅटेगरीचं आहे ते सांगते. आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत रांगोळी स्पर्धा असते, तिच्यात लहान मुलींची कॅटेगरी वेगळी, मोठ्या बायकांची वेगळी. मोबाईलवर कुकरची शिटी मागवायची तरी आधी कॅटेगरी निवडा. हॉटेलातल्या खोल्यांना कॅटेगरी, विम्याला कॅटेगरी. व्याकरणात तर आम्ही शब्दांनाच कॅटेगऱ्यांमध्ये बसवतो, तो माझा रोजचा धंदा. इतक्या ठिकाणी इमानेइतबारे राबणारा हा शब्द, पण आमच्याकडे चहाच्या टपरीवर कोणी आवाज खाली आणून म्हणालं, "ते कॅटेगरीतले आहेत," तर कुठली कॅटेगरी असं कोणीही विचारत नाही. बाकीच्यांना जणू कॅटेगरीच नाही. ती आपली नुसती माणसं.

जात विचारणं आता असभ्य झालंय ना, म्हणून हा शब्द कामाला लावला. 'तुमची जात काय' म्हणताना शिकलेल्या माणसाची जीभ अडखळते. 'तुमची कॅटेगरी कोणती' म्हणताना ती कशी लोण्यासारखी चालते. प्रश्न तोच, वर इस्त्री केलेला शर्ट.

एम.ए.ला असताना जळगावच्या वाचनालयात एका जाडजूड कोशात मी हा शब्द काढून पाहिला होता. मुळात तो ग्रीक. त्याचे दोन तुकडे. एक तुकडा म्हणजे 'विरुद्ध'. दुसरा येतो 'अगोरा'वरून, म्हणजे गावची मोकळी जागा, जिथे बाजारही भरायचा आणि सभाही व्हायची. आपल्याकडे जिला चव्हाटा म्हणतात ती. चव्हाट्यावर उभं राहून कोणाविरुद्ध बोलायचं, चारचौघांत त्याच्यावर आरोप ठेवायचा, याला ते लोक हा शब्द वापरत. मग त्यांच्यातल्या एका तत्त्वज्ञाने तो उचलला आणि एखाद्या वस्तूबद्दल काय काय म्हणता येतं त्याचे प्रकार, असा थंड, शास्त्रीय अर्थ त्याला दिला. किती आहे, कसं आहे, कुठे आहे. तिथून तो लॅटिनमध्ये गेला, फ्रेंचमध्ये गेला, इंग्रजीत आला आणि शेवटी आमच्या हेडमास्तरांच्या तोंडी येऊन बसला.

आरोप. मी तो कोश बंद केला आणि वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसलो होतो. गंमत वाटली होती म्हणणं खोटं ठरेल, संतापच आला होता. आणि त्या ग्रीक लोकांचा थोडा हेवाही वाटला. त्यांचा आरोप निदान समोरासमोर असायचा. आरोप करणारा दिसायचा आणि ज्याच्यावर आरोप झाला त्याला उठून उत्तर देता यायचं.

हे सगळं आता पुन्हा वर येण्याचं कारण माझी मुलगी. ती इंजिनियर झाली, सरकारी परीक्षा पास झाली आणि तिची पहिली नेमणूक धुळ्याला लागली. घरात आनंदीआनंद. मग खोलीची शोधाशोध सुरू झाली आणि आनंदाला ओहोटी लागली. एकटी मुलगी म्हटल्यावर घरमालक आधी खूश व्हायचे, शांत असते, स्वच्छ ठेवते म्हणायचे. मग आडनाव विचारायचे. आमचं आडनाव असं आहे की त्यावरून लगेच काही कळत नाही, दोन-तीन समाजांत ते सापडतं. मग गाव विचारायचे, गावात कुठल्या बाजूला घर ते विचारायचे. आणि तरी अंदाज लागला नाही की यायचा तो आपला इस्त्रीवाला प्रश्न. माझ्या मुलीने फोनवर सरळ उत्तर दिलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. धुळ्यात त्या आठवड्यात खोल्या फारच भराभर जात होत्या.

मी ही गोष्ट स्टाफरूममध्ये नानांना सांगितली. नाना म्हणजे माझे सगळ्यात जुने सहकारी, गणिताचे. मूळचे असोद्याचे, तिथे त्यांचं शेत आहे, केळी आहे, कपाशी आहे. मला ते चारचौघांत सर म्हणतात आणि एरवी भाऊ. माझ्या आजारपणात डबा घेऊन येणारे, माझ्या बदलीच्या भानगडीत माझ्या बाजूने उभे राहिलेले नाना. ते म्हणाले, भाऊ, तुम्ही काही काळजी करू नका, धुळ्याला माझे लांबचे नातेवाईक आहेत, निवृत्त माणसं, वरचा मजला रिकामा आहे. आणि खरंच दोन दिवसांत काम झालं. घर चांगल्या कॉलनीत, ऑफिस जवळ. घरमालकीणबाई तर लाख माणूस. माझी मुलगी पहिल्या रविवारी एकटीच आहे म्हणून त्यांनी वर वरण-बट्टी पाठवली, तुपाची वाटी वेगळी. मुलीला त्या बेटा म्हणायच्या. माझी बायको फोन ठेवून डोळे पुसायची.

महिनाभराने एकदा चहा पिताना नाना सहज बोलून गेले. हसत, मोठेपणाने, एखादं अवघड गणित सोडवून दाखवल्यासारखं.

"भाऊ, त्यांनी कॅटेगरी विचारली होती. मी म्हटलं, ओपन. उगीच तुम्हाला त्रास कशाला?"

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. नाना वाट पाहत होते, मी आभार मानावेत म्हणून. ते खोटं माझ्यासाठी बोलले होते, त्यांच्या लेखी ती मदत होती, आणि ही मदत करताना आपण नेमकं काय केलं हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं. मी आहे ते झाकण्यासारखं आहे, असं माझा सगळ्यात जवळचा मित्र इतकी वर्षं मानत आलाय, हे मला एका कप चहात कळलं. तास होता, वर्गात गेलो आणि काय शिकवलं ते आठवत नाही.

संध्याकाळी मुलीला फोन केला. सांगू की नको, असं झालं होतं. बायकोचं म्हणणं होतं की पोरगी सुखात आहे तर कशाला आग लावता. पण माझ्या मुलीने त्या खोलीच्या भिंतीवर, आल्या दिवशीच, आमच्या घरच्या दोन तसबिरी लावल्या होत्या. मालकीणबाई अजून वर आल्या नव्हत्या, गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नसत. एक दिवस गुडघे बरे होणारच होते. शिवाय ज्या घरात आपण कोण म्हणून राहतोय ते तिला माहीत असायला नको का? म्हणून सांगितलं.

ती म्हणाली, "पप्पा, नानांच्या शेतात तुम्ही कधी भरीत ठेचलंय?"

मला प्रश्नच समजला नाही. तिने मग समजावून सांगितलं आणि ते ऐकताना मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

दर थंडीत नाना असोद्याच्या शेतात भरताची पार्टी करतात. सगळा स्टाफ जातो, बायकापोरांसकट. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करून त्यावर ती मोठी हिरवी वांगी भाजायची, सालं काढायची, मिरची-लसूण घालून लाकडी खोलगट भांड्यात मुसळीने ठेचायची. तिथे कोणी आचारी नसतो. हीच तर त्या पार्टीची मजा, सगळ्यांनी हात लावायचा. एक जण काड्या सारतो, दुसरा सालं काढतो, ठेचायला तर पाळ्या लागतात, दोन-चार ठोके झाले की मुसळ दुसऱ्याच्या हातात. पुऱ्या लाटायला बायका गोल करून बसतात. आणि मी दर वर्षी पुढे सरकलो की नाना खुर्ची घेऊन यायचे. तुम्ही बसा भाऊ, तुम्ही पाहुणे. मी बसायचो. प्रिन्सिपॉलसुद्धा बाह्या वर करून मुसळ मारायचे आणि मी खुर्चीवर बसून शेंगदाणे खायचो. मला वाटायचं, केवढा हा मान. बायकोलाही पुऱ्यांच्या गोलात कोणी बसू दिलं नव्हतं, वहिनी तुम्ही आराम करा. आम्ही घरी येऊन कौतुकाने सांगायचो की नानांकडे आपल्याला किती जपतात.

मुलगी म्हणाली, ती लहान असताना एकदा तिने कणकेच्या परातीत हात घातला होता. हसत हसत कोणीतरी तिचा हात धरून बाहेर काढला, बाळा, तुझा फ्रॉक खराब होईल. बाकीच्या मुलींनीही फ्रॉकच घातले होते. ती कणीक मग बाजूला ठेवलेली तिने पाहिली. घरी आल्यावर तिने आम्हाला काही सांगितलं नाही, कारण आम्ही फार खूश होतो.

मला रडू आलं नाही. आला तो संताप, आणि तो नानांपेक्षा त्या खुर्चीचा आला. दर वर्षी माझ्यासाठी आणलेल्या, फडक्याने पुसून दिलेल्या त्या खुर्चीचा. शाळेत मला उभं केलं होतं आणि इथे मला बसवलं होतं. एवढाच काय तो आमचा विकास.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर माझी मुलगी खाली गेली आणि मालकीणबाईंना तिने स्वतः सांगितलं. भांडली नाही, रडली नाही. नानांनी सांगितलं ते खरं नाही, आम्ही बौद्ध आहोत, एवढंच. बाई म्हणाल्या, काही हरकत नाही, आम्ही असलं काही मानत नाही. त्या रविवारी वरण-बट्टी आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. बेटा म्हणणं मात्र चालू होतं, ते शेवटपर्यंत चालू राहिलं. महिना संपताना त्या जिन्याच्या खालच्या पायरीशी उभ्या राहून म्हणाल्या, "बेटा, आमना पुतण्या शिकाले येणार शे."

मुलीने सामान हलवलं. नवी खोली ऑफिसपासून लांब आहे, दोन रिक्षा बदलाव्या लागतात, पावसाळ्यात भिंतीला ओल येईल असं दिसतंय. मी आणि बायको सामान लावायला गेलो होतो. पहिल्यांदा तसबिरी लावल्या, समोरच, दार उघडलं की दिसतील अशा. मग बायकोने गॅस जोडला. मी मालकिणीच्या त्या बंगल्यावरून मुद्दाम रिक्षा न्यायला लावली. वरच्या मजल्यावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी लागली होती. पुतण्या अजून जन्मायचा असावा.

नाना नाराज झाले. मी एवढं जमवलं होतं, तुमच्या पोरीने सगळं पाण्यात घातलं, असं ते दुसऱ्या एका सरांजवळ बोलले आणि ते मला कळेल अशी सोयही त्यांनी केली. माझ्या तोंडावर मात्र एक शब्द नाही. हाच तो आपला देशी आरोप, पाठीमागे, कुजबुजत, उत्तर द्यायची सोय नसलेला. आणि नंतर थंडी पडल्यावर काहीच झालं नसल्यासारखं भरताचं आमंत्रण. भाऊ, यायचं हं, वहिनींनाही आणा.

बायको आली नाही. मी गेलो. मोटारसायकलवरून असोद्याकडे जाताना रस्ताभर मी काय बोलायचं त्याची उजळणी करत होतो, ग्रीक शब्दासकट. शेतात पोहोचलो तर जाळ पेटलेला, वांगी भाजून झालेली, आणि नाना खुर्ची पुसत होते.

मी खुर्ची ओलांडून पुढे गेलो. मुसळ तेव्हा आमच्या क्लार्कच्या हातात होतं. मी हात पुढे केला, त्याने सवयीने ते माझ्या हातात दिलं आणि मग नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "भाऊ, तुम्ही बसा ना."

मी म्हणालो, "नाना, इतकी वर्षं मला इथे खुर्ची कशासाठी दिली ते सगळ्यांसमोर सांगा, मग बसतो."

कढईत पुरी फुगल्याचा आवाज ऐकू येत होता. नानांचं तोंड उतरलं, ते म्हणाले की भाऊ, तुम्ही कुठली गोष्ट कुठे नेता, मान म्हणून देतो आम्ही. मी ठेचायला सुरुवात केली. राग होता, त्यामुळे ठोके जरा जोरात पडत होते, मिरचीचं पाणी डोळ्यात उडालं. ग्रीक शब्द वगैरे काही आठवला नाही. मी ठेचत राहिलो, मुसळ कोणी मागितलं नाही, भरीत पूर्ण होईपर्यंत ते माझ्याच हातात राहिलं. एरवी पाळ्या लागतात.

मग पानं पडली. भरीत आलं तसं एकाला ॲसिडिटी आठवली. एका मॅडमनी नुसती कढी घेतली. नाना म्हणाले, आज माझा उपास आहे, आणि असं म्हणून त्यांनी पुरी मोडली आणि दह्याला लावली. ज्यांनी खाल्लं त्यांनीही माझ्याकडे न पाहता खाल्लं. मी माझ्या पानाकडे पाहत होतो.

पुऱ्या तळायला नानांची थोरली बहीण बसली होती. तिला सगळा गाव अक्का म्हणतो, माझ्याशी ती आजवर नुसती हसलेली. ती झारा खाली ठेवून उठली, पातेल्याशी आली, बोटाने भरीत उचलून तोंडात टाकलं. जरा वेळ चघळलं. मग सगळ्यांच्या देखत, चांगल्या चढ्या आवाजात मला म्हणाली, "मीठ कमी पडलं, भाऊ. अजून टाक."

इतक्या वर्षांत त्या शेतात माझी कोणी चूक काढली नव्हती. पाहुण्याची कोण काढतो? तिने मिठाची बरणी माझ्याकडे सरकवली, मी मीठ टाकलं, ढवळलं, तिने पुन्हा चाखून पाहिलं आणि आपलं पान वाढून घेऊन नानांच्या शेजारी बसली. नानांनी मान वर केली नाही. ती भरीत खात होती आणि मध्ये मध्ये नानांच्या पानातल्या दह्याकडे पाहत होती.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिने पहिलंच विचारलं, "नानांनी खाल्लं?"

मी म्हणालो, "नाही."

ती म्हणाली, "मग पुढच्या वर्षी मीही येते. कणीक मी मळते."